स्पेनच्या मंडया फिरताना: खवय्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनची सहल ठरली की चर्च, राजवाडे आणि फुटबॉलची मैदानं यांची यादी आपोआप तयार होते. खाण्याची आवड असलेल्यांनी त्या यादीत गावोगावच्या मंडया घालाव्यात, आणि त्याही ओझरत्या नव्हे, तर सकाळचे दोन-तीन तास मोकळे ठेवून. असं फिरायला निघालेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या विषयात सांगण्यासारखं खूप आहे.

हॉटेलात चांगलं जेवण मिळत असताना मंडईत कशाला जायचं?

स्पॅनिश स्वयंपाकात मसाल्यांची गर्दी नसते. ऑलिव्हचं तेल, लसूण, मीठ, फार तर लाल मिरचीची पूड, एवढ्यावर बहुतेक पदार्थ उभे राहतात. सगळी मदार मूळ जिन्नस किती ताजा आणि किती चांगला यावर. म्हणजे स्वयंपाकाची अर्धी लढाई सकाळी मंडईतच जिंकली किंवा हरली जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हॉटेलातला मेनूसुद्धा वेगळ्या नजरेने वाचला जातो. सकाळी गाळ्यावर आर्टिचोक या मोठ्या कळीसारख्या भाजीचे ढीग दिसले असतील, तर दुपारी तेच मागवायचं हे उघड आहे.

दुसरं कारण म्हणजे मंडईच्या आतले छोटे बार. चार-सहा उंच स्टुलं, एक तवा आणि शेजारच्या गाळ्यावरून आणलेली मासळी, एवढाच पसारा. पर्यटकांच्या चौकातल्या हॉटेलांपेक्षा इथे बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि चवही खरी लागते.

कोणत्या दिवशी आणि किती वाजता जावं?

मंगळवार ते शनिवार, सकाळी ९ ते ११. ही वेळ साधली तर बाकी फारशी काळजी करायला नको.

बऱ्याच मंडया दुपारी दोन-तीनला मिटतात. वॅलेन्सियाची मध्यवर्ती मंडई सकाळी साडेसातला उघडते आणि तीनला बंद होते. काही ठिकाणी संध्याकाळी पाचनंतर पुन्हा उघडतात, पण तेव्हा निम्मे गाळे बंद असतात. रविवारी जवळजवळ सगळीकडे सुट्टी. आपल्याकडे रविवार हा बाजाराचा खास दिवस असल्याने अनेकांची इथेच फसगत होते.

सोमवारी मंडई उघडी असते, पण रविवारी बहुतेक होड्या समुद्रात गेलेल्या नसतात. त्यामुळे मासळीचे कित्येक गाळे बंद असतात किंवा जेमतेम माल मांडलेला असतो. मासे बघायला किंवा खायला जायचं असेल तर सोमवार टाळाच. शनिवारी सकाळी मंडई सगळ्यात भरलेली असते. रंगत बघायला तो दिवस उत्तम, निवांत बोलायला मात्र नाही. ऑगस्टमध्ये अनेक गाळेवाले सुट्टीवर जातात. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाताळच्या जेवणांमुळे कोळंबी, खेकडे आणि शिंपल्यांचे भाव चढतात.

बार्सेलोनाची बोकेरिया बघावी की आता ती फक्त पर्यटकांची झाली आहे?

बघावी, पण लवकर जावं आणि आतपर्यंत जावं.

रांब्ला या रस्त्याला लागून असलेल्या या मंडईचं खरं नाव सान्त जोसेप. याच नावाचा मठ इथे होता. त्याच्या जागेवर १८४० मध्ये संत जोसेफच्या सणाच्या दिवशी मंडईच्या बांधकामाला सुरुवात झाली, आणि आज दिसतं ते लोखंडी छप्पर १९१४ सालचं. गर्दीचा ताण इतका वाढला की २०१५ पासून शुक्रवार-शनिवारी सकाळी पंधराहून मोठ्या पर्यटक गटांना आत सोडणं पालिकेने थांबवलं.

दारापाशी कापलेल्या फळांचे प्लास्टिकचे पेले आणि रंगीबेरंगी रस मांडलेले दिसतील. तिथे थांबू नका. सरळ मधोमध जा. तिथे मासळीचे गाळे गोलाकार मांडले आहेत आणि पहाटेपासून बर्फावर पापलेटाएवढे सपाट मासे, लालभडक कोळंबी, जिवंत वळवळणारे खेकडे येत असतात. मागच्या बाजूला अळंब्यांचे गाळे आहेत. पावसाळी शरद ऋतूत तिथे दहा-दहा जातीच्या जंगली अळंब्या टोपल्यांत दिसतात, केशरी, काळ्या, तुतारीच्या आकाराच्या. साडेआठला पोहोचलात तर हॉटेलांचे आचारी माल निवडताना दिसतील. अकराला पोहोचलात तर फक्त मोबाइल वर धरलेले हात.

बार्सेलोनात पालिकेच्या सुमारे चाळीस मंडया आहेत. बोकेरियापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सान्ता कातेरिना आहे. एनरिक मिरायेस आणि बेनेदेत्ता ताल्याब्वे या वास्तुकारांनी तिचं छप्पर लाटांसारखं केलं आणि त्यावर भाज्या-फळांच्या रंगांच्या षटकोनी फरशा बसवल्या. २००५ मध्ये ती नव्याने सुरू झाली. सान्त आन्तोनी ही १८८२ सालची लोखंडी मंडई नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडली. रविवारी तिच्या बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. रोजचं सामान घेणारी माणसं बघायची असतील तर या दोन मंडया बोकेरियापेक्षा सरस आहेत.

वेळ कमी आहे. संपूर्ण स्पेनमधली एकच मंडई बघायची तर कोणती?

वॅलेन्सियाची मर्कात सेन्त्राल. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१९२८ मध्ये उघडलेली ही इमारत आठ हजार चौरस मीटरहून मोठी आहे. लोखंड, काच आणि रंगीत फरशा. वर घुमट, घुमटातून खाली पडणारा उजेड. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची पंधराव्या शतकातली लोन्खा ही इमारत आहे, जी १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण इमारतीसाठी नव्हे, मालासाठी जा. शहराला लागूनच वेर्ता नावाचा बागायती पट्टा आहे, आणि तिथली भाजी तासाभराच्या अंतरावरून थेट गाळ्यावर येते.

पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला भात, याचं साहित्य इथे सुटं सुटं बघायला मिळतं आणि तेव्हाच तो पदार्थ नीट समजतो. चपट्या हिरव्या घेवड्याच्या शेंगा. गार्रोफो नावाचा मोठा पांढरा दाणा, जो आपल्या डबल बीच्याच जातीचा आहे. जाळीच्या पिशवीत भरलेल्या जिवंत गोगलगायी. ससा आणि कोंबडीचे तुकडे. बोम्बा तांदळाच्या कापडी पिशव्या. मूळ वॅलेन्सियन पाएयात मासळी नसतेच, हे या गाळ्यांसमोर उभं राहिलं की न सांगता कळतं.

खारवलेल्या मासळीचे गाळे तर आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने चुकवूच नयेत. मोखामा म्हणजे मीठ लावून सुकवलेला ट्यूना. गडद तांबडा, लाकडासारखा घट्ट. गाळेवाला तो कागदाइतका पातळ कापतो, वर ऑलिव्हचं तेल सोडतो आणि भाजलेल्या बदामासोबत खायला सांगतो. शेजारी ट्यूनाची आणि इतर माशांची दाबून सुकवलेली गाबोळी टांगलेली असते. पन्नास ग्रॅम मागा. तेवढ्यात दोघांचं भागतं, कारण चव तीव्र असते.

बाहेर पडताना ओर्चाता प्या. चुफा नावाच्या छोट्या कंदाचं ते थंडगार गोड दूध आहे. हा कंद शहराशेजारच्या आल्बोराया भागात पिकतो. या पेयात खऱ्या दुधाचा अंशही नसतो. सोबत फार्तोन नावाचा लांबट मऊ पाव बुडवून खातात.

मद्रिदमध्ये सान मिगेलला जावं का?

प्लासा मायोर या मुख्य चौकाजवळची ती १९१६ सालची लोखंडी इमारत देखणी आहे. २००९ पासून तिथे भाजी-मासळी विकत नाहीत, तापास, म्हणजे छोट्या बशीतले खाण्याचे पदार्थ, आणि वाइन विकतात. एक ग्लास आणि एक घास घेऊन बाहेर पडायला छान. खरी मंडई हवी असेल तर सालामान्का भागातली ला पाझ, नाहीतर आन्तोन मार्तिन. आणि मद्रिदचा सामान्य माणूस काय खातो हे बघायचं असेल तर कुआत्रो कामिनोस भागातली माराविय्यास. ती अवाढव्य आहे आणि तिथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांसाठी कच्ची केळी, कसावा, तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्याही तिथे मिळतात.

समुद्राकाठच्या इतर कोणत्या मंडया वाट वाकडी करून बघण्यासारख्या आहेत?

कादिझ, सान्तियागो, मालागा आणि बिल्बाओ. आवडीचा क्रम हाच.

कादिझची मंडई १८३८ सालची आहे. एप्रिल ते जून या महिन्यांत जावं, कारण तेव्हा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राकडे निघालेला निळ्या परांचा मोठा ट्यूना बार्बाते, साहारा, कोनील आणि तारीफा या गावांच्या किनाऱ्यावर आल्माद्राबा या स्थिर जाळ्यांत पकडतात. ही पद्धत फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांच्या काळापासून चालत आली आहे. मंडईत त्या माशाचे भाग वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या भावांनी विकले जातात: पोटाचा चरबीदार बेन्त्रेस्का, मानेचा मोरिय्यो, पाठीचा लोमो. गाळेवाला हातभर लांब सुरीने ताटाएवढी चकती कापतो तेव्हा तिच्यातली चरबीची नक्षी दिसते. कादिझमध्येच तोर्तियीतास दे कामारोनेस खा. कांदा, पार्सली आणि बारीकशी अख्खी कोळंबी डाळीच्या व गव्हाच्या पिठात कालवून तळतात. जवळ्याची भजी खाऊन वाढलेल्या माणसाला ती पहिल्या घासातच ओळखीची वाटतात.

सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या मंडईची दगडी दालनं १९४१ सालची. गालिसियाच्या खेड्यांतून आलेल्या बायका बाहेरच्या बाजूला बसतात आणि परसातलं विकतात: पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, सलगमची पानं, अंडी, घरचं चीज. गुरुवार आणि शनिवार हे तिथले गजबजलेले दिवस. शिंपले-खेकडे विकत घेतले तर मंडईच्या आतच थोडे पैसे घेऊन शिजवून देण्याची सोय आहे. पेरथेबेस इथे एकदा तरी चाखा. लाटा आपटणाऱ्या खडकांना चिकटलेला हा जीव जीव धोक्यात घालून काढतात, म्हणून महाग असतो. मिठाच्या उकळत्या पाण्यातून मिनिटभरात काढतात, आणि खाताना कातडं पिरगळून सोलायचं.

मालागाच्या आतारासानास मंडईचं दार बघायला क्षणभर थांबा. नास्री या मुस्लीम राजवटीत इथे जहाजं बांधायची गोदी होती. चौदाव्या शतकातली तिची संगमरवरी कमान तशीच ठेवून १८७६ ते १८७९ दरम्यान मंडई बांधली. आत गेल्यावर मागच्या भिंतीवर मोठी रंगीत काच आहे. तळलेले छोटे मासे आतल्या बारमध्ये उभ्यानेच खातात.

बिल्बाओची ला रिबेरा नदीच्या काठावर १९२९ मध्ये बांधली. बास्क प्रांताची धुरावलेली इदियासाबाल चीज आणि इबार्राच्या लांब हिरव्या लोणच्याच्या मिरच्या तिथे घ्याव्यात. सेव्हिलला गेलात तर नदीपलीकडची त्रियाना मंडईही छोटीशी पण नीटनेटकी आहे. ती जिथे उभी आहे त्या सान होर्खे किल्ल्यात एकेकाळी इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, ठाणं होतं, आणि त्याचे अवशेष खाली जाऊन बघता येतात.

रांग दिसत नाही, मग नंबर कसा लागतो?

माणसं विखुरलेली उभी असतात, पण रांग असते आणि ती सगळ्यांच्या डोक्यात असते. गाळ्याशी पोहोचल्यावर मोठ्याने विचारायचं, "¿किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल. तुमचा नंबर त्या माणसानंतर. तुमच्यामागून कुणी येऊन विचारलं तर तुम्ही हात वर करायचा. काही गाळ्यांवर चिठ्ठीचं यंत्र असतं, ते आधी शोधा. न विचारता पुढे सरकलात तर आजीबाई सगळ्यांदेखत खडसावतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

किती घ्यायचं ते कसं सांगायचं? घासाघीस चालते का?

घासाघीस नाही. भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि तोच अंतिम. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वरून कोथिंबिरीऐवजी पार्सलीची जुडी मिळते, ती त्यांची आपुलकी.

वजन ग्रॅममध्ये सांगितलं तरी चालतं. "थिएन ग्रामोस" म्हणजे शंभर ग्रॅम, "कुआर्तो" म्हणजे पाव किलो, "मेदियो" म्हणजे अर्धा. लोक "कुआर्तो इ मिताद" म्हणताना ऐकू येतील, ते पाव किलो अधिक त्याचं निम्मं, म्हणजे ३७५ ग्रॅम. फळं नगावरही मिळतात. दोन अंजीर, एक टोमॅटो मागायला अजिबात लाजू नका. चीज आणि मांस पन्नास-पन्नास ग्रॅम घेतलं की चार-पाच प्रकार चाखता येतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी सुटे युरो जवळ असावेत.

भाजी-फळं हाताळून निवडता येतात का?

नाही. आपण दाबून, वास घेऊन निवडतो, तिथे तो गाळेवाल्याचा मान आहे. पण त्याबदल्यात एक गोष्ट मिळते: विचारलं की तो नेमकं निवडून देतो. टोमॅटो मागताना आज खायचे की उद्या, कच्चे खायचे की शिजवायचे, हे सांगायचं. "पारा ओय" म्हणजे आजसाठी, "पारा मान्याना" म्हणजे उद्यासाठी. खरबूज घेताना तर मी कधीच स्वतःचा अंदाज लावत नाही. गाळेवाला हातात घेऊन तोलतो, बुडाकडून अंगठ्याने हलकं दाबतो, एक बाजूला ठेवतो, दुसरं उचलतो, आणि ते दुसरं नेमकं संध्याकाळी पिकलेलं निघतं.

आम्ही शाकाहारी आहोत. मंडईत आमचं काय?

मंडईत शाकाहाऱ्याची चैन आहे. अडचण येते ती शिजवलेल्या पदार्थांत, म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर सांगते.

आधी सावधगिरी. स्पेनमध्ये हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, अनेकांच्या लेखी "मांस" या शब्दात येतच नाही. ते चवीपुरतं घातलेलं असतं. त्यामुळे "सिन कार्ने" म्हणून भागत नाही. "सोय बेहेतारियाना" (बाईसाठी) किंवा "बेहेतारियानो" (पुरुषासाठी) म्हणा आणि पुढे जोडा: "सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून", म्हणजे हामोन नको, मासा नको, ट्यूना नको. साध्या मिश्र सॅलडवरही ट्यूना येतो. साल्मोरेखो हे थंडगार टोमॅटोचं सार शाकाहारी असतं, पण वर हामोनचे तुकडे आणि अंडं भुरभुरतात. न घालता मागा. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, असतो. गोड पदार्थांतही बघा: मायोर्काची एन्साइमादा आणि नाताळातले मान्तेकादो डुकराच्या चरबीत करतात.

चीजबाबत काटेकोर असाल तर एक्स्त्रेमादुराची तोर्ता देल कासार किंवा ला सेरेना मागा. मेंढीच्या दुधाची ही चीज दूध विरजायच्या प्राणिजन्य रेनेटऐवजी रानटी आर्टिचोकच्या फुलाच्या अर्काने विरजतात. आतून इतकी मऊ असते की वरचं झाकण कापून पावाने उचलून खातात, आणि किंचित कडवट चव जिभेवर राहते.

आता चैनीकडे. ऑलिव्हचे गाळे: मोठी गोर्दाल, छोटी आर्बेकिना, लसूण-लिंबाच्या सालीत मुरवलेली. आल्माग्रोची छोटी अख्खी वांगी, जिरं आणि लाल मिरचीपूड घातलेल्या व्हिनेगरच्या पाण्यात मुरवलेली. उकडलेले चणे, मसूर, पांढरे वाल तयार मिळतात, विशेषतः कातालोनियात. ते तेल-मीठ घालून तसेच खाता येतात. भाजलेल्या ढोबळी मिरच्या-वांग्यांची एस्कालिबादा. पाद्रोनच्या मिरच्या तेलात परतून, जाडं मीठ घालून. बहुतेक गोडसर, मधूनच एखादी झणका देणारी. सेव्हिलमध्ये पालक-चण्यांची भाजी जिरं आणि लसूण घालून करतात, ती एकदा खाल्ली की रोज मागावीशी वाटते. आणि सकाळी भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो किसून, तेल सोडून. तोर्तियामध्ये बटाट्याबरोबर अंडं असतं, हे लक्षात असू द्या.

हामोनचे इतके प्रकार आहेत. काय घ्यावं?

पायाला बांधलेल्या पट्टीचा रंग बघा. इबेरिको हामोनसाठी २०१४ पासून हे रंग ठरलेले आहेत. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचा प्राणी, शेवटच्या महिन्यांत ओकच्या रानात सोडून फळांवर, म्हणजे बेयोतांवर, वाढवलेला. लाल पट्टी म्हणजे खाणं तेच, पण जात मिश्र. हिरवी म्हणजे मोकळ्या कुरणात चारा आणि धान्यावर. पांढरी म्हणजे गोठ्यात धान्यावर. सेरानो म्हणजे पांढऱ्या डुकराचं, रोजच्या खाण्यातलं. पट्टीचे हे रंग त्याला लागू नाहीत.

हाबुगो, गिखुएलो, एक्स्त्रेमादुरा आणि लोस पेद्रोचेस हे चार नामांकित प्रदेश. पन्नास ग्रॅम काळ्या पट्टीचं घ्या, आणि यंत्राने नव्हे, हाताने कापून मागा: "आ कुचिय्यो". कापणारा माणूस बघण्यासारखा असतो. लांब, लवचिक, अरुंद पात्याची सुरी तो आडवी, जवळजवळ मांडीला समांतर धरतो. प्रत्येक काप बोटाएवढा आणि इतका पातळ की खाली ताटाची नक्षी दिसते. काप गोल मांडतो, एकावर एक नाही. चरबी बाजूला काढू नका. हाताच्या उबेने ती पारदर्शक होते आणि तिच्यातच बेयोताची चव असते. मांसात पांढरे बारीक ठिपके दिसले तर ते खराब नाही. लांब काळ मुरल्यावर तयार होणारे ते स्फटिक आहेत.

मासे ओळखू येत नाहीत. काय मागावं?

ट्यूना, कोळंबी, माकुळ हे डोळ्यांनी ओळखता येतात. बाकीच्यांसाठी एवढं लक्षात ठेवा: बोकेरोन म्हणजे छोटे अँकोव्ही, तळून किंवा व्हिनेगरमध्ये मुरवून. मेर्लुसा हा सौम्य पांढरा मासा, स्पॅनिश घरांत नेहमीचा. पुल्पो म्हणजे ऑक्टोपस, गालिसियात उकडून मिरचीपूड घातलेला. नावाखास म्हणजे लांब नळीसारखे शिंपले, तव्यावर उघडेपर्यंत भाजलेले. बाकालाओ म्हणजे खारवलेला कॉड. त्याच्या गाळ्यावर पाण्याच्या टाक्यांत मीठ उतरवलेले तुकडेही मिळतात. साफ करून देतातच, फक्त कसं हवं ते खुणेने सांगा.

कोणत्या ऋतूत काय मिळतं?

जानेवारी ते मार्च काल्सोत, म्हणजे लांब कांदे. कातालोनियातल्या वाल्स गावाभोवती ते आगीवर काळे करून, साल ओढून, सॉसमध्ये बुडवून खातात. आर्टिचोकचा हंगामही थंडीतच. एप्रिल-मेमध्ये लोकाटची फळं आणि नवार्राचा पांढरा शतावर. मे-जूनमध्ये हेर्ते खोऱ्यातल्या चेरी. उन्हाळ्यात टोमॅटो, अंजीर, खरबूज. ऑक्टोबरपासून अळंब्या, डाळिंबं, तेंदूच्या कुळातली केशरी काकी फळं.

शरद ऋतूपासून वसंतापर्यंत ग्रानादाच्या किनाऱ्यावरची चिरिमोया येते. सीताफळाच्याच कुळातलं हे फळ. साल गुळगुळीत, गर जास्त घट्ट आणि बिया कमी. मालागाजवळच्या आखार्किया भागात आंबेही पिकतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बाजारात येतात. हापूसची अपेक्षा ठेवू नका, पण ऑक्टोबरात ताजा पिकलेला आंबा खायला मिळणं ही मजा आहेच.

घेतलेलं खायचं कुठे?

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. चाकू, तवा आणि मीठ पुरे. नाहीतर पाव, चीज, टोमॅटो घेऊन जवळच्या बागेत बसा. वॅलेन्सियात असाल तर सकाळी दहाच्या सुमारास स्थानिक लोकांबरोबर एस्मोर्सारेत करा: शेंगदाणे आणि ऑलिव्ह आधी, मग भरलेला पाव, शेवटी जाळलेल्या रमची कॉफी. त्यानंतर दुपारचं जेवण तीन वाजता, स्पॅनिश वेळेला, आरामात.

घरी काय आणावं?

पिमेन्तोन दे ला वेरा पहिल्यांदा. एक्स्त्रेमादुरातली ही लाल मिरची ओकच्या धुरावर सुमारे दोन आठवडे सुकवून दळतात. गोड, मध्यम आणि तिखट असे तीन प्रकार आहेत. डब्यावर प्रदेशाचा शिक्का बघून घ्या. बटाट्याच्या भाजीत, भरताच्या वांग्यात चिमूटभर घातली तरी धुराचा वास भरून राहतो.

केशर घ्यायचं तर ला मांचाचं, प्रमाणित, ग्रॅमच्या छोट्या बंद डबीत, आणि तंतूंच्या रूपात. मंडईत पिवळ्या पुडीचे ढीग दिसतात, त्यावर "कोलोरान्ते" लिहिलेलं असतं. तो पाएयाचा खाण्याचा रंग आहे, केशर नव्हे.

ऑलिव्हचं तेल "बिरखेन एक्स्त्रा" (एक्स्ट्रा व्हर्जिन) आणि डब्यातलं घ्या; हायन भागातल्या पिकुआल जातीच्या ऑलिव्हचं तिखटसर, आर्बेकिनाचं सौम्य. १०० मिलिलिटरहून मोठी बाटली हातसामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ भारतात आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून हामोन आणि चीज तिथेच पोटभर खाऊन या.

फोटो काढलेले चालतात का? पाकिटाची काळजी किती घ्यावी?

माणसाचा फोटो विचारून. आधी काहीतरी विकत घेतलं असेल तर बहुतेक लोक खुशीने हो म्हणतात. गर्दीच्या वेळी गाळ्यासमोर उभं राहून नुसते फोटो काढू नका, मागे गिऱ्हाईक अडतं. रांब्ला आणि बोकेरियात खिसेकापू आहेत. बॅग पोटावर, मोबाइल आतल्या खिशात.

हिंग, कढीपत्ता, तूरडाळ लागली तर?

बार्सेलोनात बोकेरियाच्या मागेच राबाल वस्ती आहे आणि मद्रिदमध्ये लाबापिएस. दोन्हीकडे भारतीय उपखंडातल्या लोकांची किराणा दुकानं आहेत. लांबच्या मुक्कामात, विशेषतः घरून आलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर फिरताना, हे पत्ते उपयोगी पडतात.

मासळीचा लिलाव बघता येतो का?

काही बंदरांत येतो, आणि खवय्याने ही संधी सोडू नये. कातालोनियातल्या पालामोस गावाची लाल कोळंबी प्रसिद्ध आहे. तिथे मासेमारीचं संग्रहालय आहे आणि लिलावाच्या हॉलमध्ये काय चाललंय ते बघण्याची सोयही आहे. सोमवार ते शुक्रवार, दुपारी उशिरा होड्या परत आल्यावर लिलाव सुरू होतो. खोकी पट्ट्यावरून सरकतात, पडद्यावर भाव वरून खाली उतरत जातो, आणि ज्याने आधी बटण दाबलं त्याचा माल. तिथे विकलेली कोळंबी त्याच संध्याकाळी गावातल्या तव्यावर येते. जाण्याआधी संग्रहालयाकडे वेळ विचारून घ्या, कारण समुद्र खवळलेला असला तर होड्याच निघत नाहीत.